सोबत्याचं प्रतिज्ञापन

चकलीचं तळण चालू होतं तेव्हा अंगणवाडीच्या ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्या मतदारयादीचं काम बघणाऱ्या बीएलओ त्याच आहेत. हातात नमुना १२-ड होता. विधानसभेची अधिसूचना २२ ऑक्टोबर २०२४ ला निघाली होती. पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदाराला घरून मत द्यायचं असेल तर अधिसूचनेपासून पाच दिवसांत हा अर्ज भरून द्यावा लागतो. आमचे अण्णा, माझे वडील, सत्त्याऐंशीचे. काचबिंदूनं त्यांची नजर गेली कित्येक वर्षं कडेकडेनं खात आणली होती, आणि त्या पावसाळ्यात मधला उरलासुरला ठिपकाही गेला. ताई म्हणाल्या, "अर्ज दिला की माणसं घरी येतील, कागदावर मत घेतील, पाकिटात बंद करून घेऊन जातील. गुरुजींना उंबरा ओलांडायला नको." मला हायसं वाटलं. मी हात पुसले आणि पेन शोधायला लागले.

अण्णा ओटीवर खुर्चीत बसले होते. त्यांनी तो अर्ज मला मोठ्यानं वाचायला लावला, पहिल्या ओळीपासून खालच्या सहीच्या जागेपर्यंत. मग विचारलं, "हा मंजूर झाला की यादीत माझ्या नावापुढे पीबी, म्हणजे टपाली मत, असं लागणार. मग मला केंद्रावर जाऊन मत देता येणार नाही. बरोबर?"

"बरोबर, गुरुजी."

"मग नको."

मी चिडले. दिसत नाही, गुडघे धरलेले, शाळेची चढण, नोव्हेंबरची थंडी, सगळं ऐकवलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घरी आले तरी कागदावर खूण कोण करणार? मला कागद दिसत नाही. बटण हाताला लागतं."

ताई अर्ज परत घेऊन गेल्या. त्यावर मी काहीच बोलले नाही, कारण मे महिन्यातली गोष्ट माझ्या मनात होती. लोकसभेला ७ मे रोजी आमच्या साताऱ्यात मतदान होतं. तेव्हा अण्णांना अगदी नाकाला लावून धरलं तर चिन्ह कळायचं. ते एकटेच आत गेले आणि खूप वेळ लागला. बाहेर रांगेतली माणसं कुजबुजायला लागली. शेवटी बीप वाजली आणि ते भिंत धरून बाहेर आले. रात्री जेवताना त्यांनी ताटावरून हात मागे घेतला आणि म्हणाले, "बटण मी दाबलं. पण ती चिठ्ठी मला दिसली नाही गं." व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मशीनला जोडलेल्या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे सात सेकंद दिसते ती चिठ्ठी. त्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. मी म्हटलं, अण्णा, पडलं असणार बरोबर. ते म्हणाले, "असणार म्हणजे काय?" आणि मग जेवले नाहीत.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. १९५८ ला लागले आणि १९९५ ला निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत त्यांची निवडणुकीची ड्यूटी फार थोड्या वेळा चुकली. आधी मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष. इतर शिक्षकांना ड्यूटी आली की घरात कुरकुर चालायची, कोणी आजारपणाचा दाखला आणायचं. अण्णा मात्र आदेश आला की कपाटातून खाकी पिशवी काढायचे. त्यात सुई-दोरा, लाख, मेणबत्ती, काडेपेटी, ब्लेड आणि दोन टाचण्यांची कार्डं. साहित्य तहसीलला मिळतं हे खरं, पण ऐनवेळी काडेपेटी ओली निघाली तर पेटीला सील कशानं करणार, असं ते म्हणायचे. आम्हा मुलांना ती पिशवी उघडायची परवानगी नव्हती. दिवाळीचा कंदील आणि ती पिशवी, आमच्या घरात वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या वस्तू या दोनच.

ड्यूटीवरून परत आले की ते दमलेले असायचे, पण केंद्रावरची एखादी तरी गोष्ट सांगायचेच. कोणाचं मत आधीच कोणीतरी देऊन गेलेलं होतं आणि खऱ्या बाईला प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा वेळची वेगळी मतपत्रिका, कशी दिली. एका माणसाच्या ओळखीवर आक्षेप घ्यायला उमेदवाराच्या प्रतिनिधीनं दोन रुपये कसे भरले. संध्याकाळी वेळ संपताना दारापाशी उभं राहून रांगेतल्या लोकांना चिठ्ठ्या कशा वाटल्या. चिठ्ठ्यांची गंमत मला फार आवडायची. एक नंबरची चिठ्ठी रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या माणसाला द्यायची आणि तिथून पुढे पुढे येत वाटायच्या. म्हणजे मागून कोणी घुसू शकत नाही, आणि वेळेत येऊन उभा राहिलेला एकही माणूस मत न देता परत जात नाही. "शेवटच्यापासून मोजायचं," अण्णा सांगायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधीच सांगितली नाही. स्वतःचं मत.

घटनेची एकसष्टावी दुरुस्ती झाली आणि मार्च १९८९ मध्ये मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं. मी एकोणीस वर्षांची होते. नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक लागली. मतदानाच्या दोन दिवस आधी अण्णांनी मला आणि आईला जवळ बसवलं. जुन्या वर्तमानपत्राची एक लांब पट्टी कापली, त्यावर पेन्सिलीनं आडव्या रेघा मारून घरं पाडली. मतपत्रिकेची घडी कशी घालायची ते दाखवलं. आधी उभी, मग आडवी. का? तर फुलीच्या शिक्क्याची शाई ओली असते. आधी आडवी घडी घातली तर ती दुसऱ्याच उमेदवाराच्या घरात उमटते. उभी घातली तर उमटली तरी त्याच ओळीत उमटते. आईनं यापूर्वी कितीदा तरी मत दिलं होतं, पण तिनंही पुन्हा घडी घालून दाखवली, चौथी शिकलेल्या बाईच्या जाड बोटांनी, कडा जुळवत. मग मी विचारलं, "अण्णा, पण मी देऊ कोणाला?"

माझ्या मैत्रिणींच्या घरी हे आधीच ठरलेलं होतं. वडील सांगायचे, मुली मारायच्या. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. "घडी घालायला मी शिकवली. पुढचं तुझं तू," असं म्हणून उठून गेले. मला तेव्हा ते कोरडं वाटलं होतं. बापानं मुलीला एवढंही सांगू नये?

पण त्यांच्या त्या गप्प बसण्याची किंमत आमच्या घरानं आधीच मोजलेली होती. मी सातवीत असताना ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. आमच्या वॉर्डातून अण्णांचे चुलतभाऊ उभे होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. भिंतीला भिंत लागून घर, पाण्याचा आड सामाईक. ग्रामपंचायतीचं मतदान हे फार अवघड असतं, लोकसभेसारखं लांबचं नसतं. शे-दोनशे डोकी. कोणाच्या घरात किती मतं आणि ती कुठे गेली याचा हिशेब पारावर बोटांवर मांडला जातो. तात्या दोन मतांनी पडले.

आणि आमच्या घरात मतं दोन होती.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या ओटीवर आले. बसले नाहीत. "दादा, एवढंच सांग, दिलंस का नाही?" असं विचारलं. अण्णा म्हणाले, "ते मी कोणालाच सांगत नाही, तुला ठाऊक आहे." तात्या म्हणाले, "भावाला पण?" अण्णा म्हणाले, "भावाला पण." तात्या गेले. आडावर त्यांच्या घरच्या बायका आमच्या आईशी बोलेनाशा झाल्या. काकूंच्या हातचा आमटीचा वाडगा यायचा बंद झाला. माझ्या थोरल्या भावाची मुंज झाली त्याला ते घर आलं नाही. हे सात-आठ वर्षं चाललं.

मी एकदा रडून अण्णांना म्हटलं होतं, सांगून टाका ना, त्यांनाच दिलं म्हणून. खरं असेल तर सांगा, नसेल तरी सांगा, काय फरक पडतो? त्यांनी मला जे उत्तर दिलं ते मी त्या वयात नुसतं पाठ केलं, कळलं फार नंतर. ते म्हणाले, "यावेळी सांगितलं, तर पुढच्या वेळी न सांगणं हेच उत्तर होईल. एकदा सांगितलं की कायमचं सांगावं लागतं. आणि मला ज्यांच्या शेतात मजुरीला जायचं नाही, माझा पगार सरकार देतं, त्या मीच जर सांगायला लागलो तर ज्याला दुसऱ्याच्या बांधावर जगायचंय त्यानं कुठं जायचं?" कोर्टसुद्धा माणसाला तू मत कोणाला दिलंस हे सांगायची सक्ती करू शकत नाही, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात तसं कलमच आहे, असंही ते म्हणाले. तात्यांना मात्र त्यांनी हे कलम कधी ऐकवलं नाही. भावाशी कलमानं बोलायचं नसतं, हे त्यांना कळत असावं.

आणि आई? तिनं काय केलं असेल त्या निवडणुकीत, हे अण्णांनाही माहीत नव्हतं. म्हातारपणी एकदा त्यांनी गमतीनं तिला विचारलं, आता तरी सांग, तात्याला दिलं होतंस का? आई भाकरी थापत होती. वरही न बघता म्हणाली, "तुम्हीच शिकवलंय ना, नाही सांगायचं म्हणून." ती २०२१ ला गेली. ते तिच्याबरोबरच गेलं.

१९९३ मध्ये माझं लग्न झालं आणि मी दुसऱ्या जिल्ह्यात गेले. सासरी पोचल्यावर अण्णांचं जे पहिलं पत्र आलं त्यात खुशाली चार ओळींची होती आणि पाचव्या ओळीत विचारलं होतं, "तिथल्या यादीत नाव लावलंस का? इथलं कमी करायचा अर्ज मी देतो." माझं सासर मोठं, खटल्याचं घर. १९९५ च्या विधानसभेच्या आदल्या रात्री सासऱ्यांनी पंगतीतच जाहीर केलं, उद्या घरानं कुठं शिक्का मारायचा ते. "घराचं मत" असा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. सगळ्या जावा माना डोलावत होत्या. मीही मान खाली घालून वाढत राहिले. दुसऱ्या दिवशी नऊवारीतल्या सासूबाईंच्या मागोमाग रांगेत उभी होते, पोटात गोळा आलेला. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. तिथे कोणी नव्हतं. शिक्का मारला, घडी घातली, आधी उभी, मग आडवी. पेटीच्या फटीत ती घडी सरकवताना मला अण्णांची ती वर्तमानपत्राची पट्टी आठवली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं म्हणूनच त्या क्षणी मला काही करता आलं. त्यांनी एक नाव दिलं असतं, तर बापाचं नाव आणि सासऱ्यांचं नाव यांतलं एक निवडण्यापलीकडे माझ्या हातात काय उरलं असतं?

सासऱ्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय बोलायचं हे माझं ठरलेलं होतं.

आई गेल्यावर २०२२ मध्ये मी आणि माझे पती अण्णांजवळ गावी राहायला आलो. ट्रंका अजून उघडायच्या होत्या, तेवढ्यात अण्णांनी पत्ता बदलायच्या अर्जाची, नमुना ८ ची, आठवण केली. नाव इकडे आलं. असं तीस वर्षांनी मी पुन्हा त्यांच्याच यादीत, त्यांच्याच पानावर आले.

आता पुन्हा त्या नोव्हेंबरकडे. अर्ज माघारीची तारीख ४ नोव्हेंबर होती. त्यानंतर उमेदवारांची पक्की यादी लागली. मशीनवर नावं कोणत्या क्रमानं येतात हे अण्णांना नेमकं माहीत होतं. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नुसते नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. सगळ्यात शेवटी नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'. एका बॅलट युनिटवर सोळा बटणं मावतात, आमच्याकडे एकच युनिट पुरणार होतं. त्यांनी मला यादी वाचायला सांगितली. मी वाचली. "पुन्हा. आणि सगळी एकाच आवाजात वाच," ते म्हणाले. "एखाद्या नावाशी तुझा आवाज बदलतो." मला ते जाणवलंही नव्हतं. त्यानंतर रोज सकाळी चहाबरोबर आणि रात्री झोपताना मी ती यादी पाढे म्हणावेत तशी सपाट म्हणायची आणि अण्णा डोळे मिटून ऐकायचे.

मग त्यांनी चिंचोके मागितले. माझ्या भाचीची जुनी पाटी होती, तिच्या उजव्या कडेला वरून खाली मी चिंचोके चिकटवले, उमेदवार होते तितके आणि नोटाचा एक. दोन चिंचोक्यांत अंतर किती ठेवायचं हे मी ताईंना विचारून, त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या मशीनवर बोटानं मापून आले होते. अण्णा पाटी मांडीवर उभी धरायचे, वरची कड चाचपायचे आणि तर्जनी एकेका चिंचोक्यावरून खाली आणायचे. सराव सुरू करायच्या आधी म्हणायचे, "जा, तू आत जा." मी स्वयंपाकघरात जायची. ओटीवरून काही आवाज यायचा नाही. थोड्या वेळानं हाक, "ये आता." तोपर्यंत बोट पाटीवरून उचललेलं असायचं.

बटणाच्या बाजूला ब्रेलमध्ये आकडे असतात, पण अण्णांना ब्रेल येत नाही. नजर म्हातारपणी गेलेल्या माणसाला ती टिंबं नुसती खरखरीत लागतात. मोजणं हाच त्यांचा मार्ग होता.

एका रात्री मी विचारलं, अण्णा, सोबती घेता येतो ना? मी येते, तुम्ही कानात सांगा, मी दाबते. एवढं कशाला? तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. जानेवारी १९८०, लोकसभा. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या एका वाडीत त्यांचं केंद्र होतं, मतपेटी लाँचमधून नेलेली. दुपारी एक आंधळा म्हातारा आला, सोबती म्हणून गावातल्या एका वजनदार माणसाचा गडी. नियमानं सोबती घेता येतो. अण्णांनी प्रतिज्ञापनावर त्या गड्याचा अंगठा घेतला आणि दोघांना आडोशामागे जाऊ दिलं. बाहेर आल्यावर म्हाताऱ्यानं मोठ्यानं विचारलं, "मारलास का रं, मी सांगितला त्यावरच?" गडी हसला. नुसता हसला. बोलला काहीच नाही. म्हातारा त्या हसण्याकडे तोंड करून कितीतरी वेळ उभा राहिला.

"माझ्या हातात काही नव्हतं," अण्णा म्हणाले. "मत पेटीत गेलं होतं. चव्वेचाळीस वर्षं मला ते हसणं ऐकू येतं."

मी सोबती व्हायचं तर ते कशासाठी, हे तेव्हा मला उमगलं. बटण ते दाबणार होते. मला फक्त चिठ्ठी बघायची होती.

२० नोव्हेंबर, बुधवार. सकाळी नऊला, ऊन जरा अंगाला लागल्यावर आम्ही निघालो. ग्रामपंचायतीनं चाकांची खुर्ची ठेवली होती, ती ढकलायला तात्यांचा मुलगा आला. तात्यांना जाऊन दहा वर्षं झाली. दोन्ही घरं बोलायला लागली त्यालाही खूप काळ लोटला, पण आमटीचा वाडगा काही पुन्हा सुरू झाला नाही. शाळा तीच, जिथे अण्णांनी अकरा वर्षं शिकवलं. उतरणीवर आता रॅम्प केलाय. खुर्ची आत शिरली तसं पहिल्या मतदान अधिकाऱ्यानं नाव आणि अनुक्रमांक मोठ्यानं वाचला. अण्णा म्हणाले, "शाब्बास, मोठ्यानंच वाचायचं." दुसऱ्या अधिकाऱ्यानं नोंदवहीत अंगठा घ्यायला शाईचा पॅड पुढे केला. अण्णांनी हात मागे घेतला. "सही करतो." मी त्यांचं पेन ओळीवर टेकवलं. सही थोडी वर गेली, पण पूर्ण आली, वेलांटीसकट. मग डाव्या तर्जनीवर शाई. नखाच्या टोकापासून खाली पहिल्या पेरापर्यंत रेघ. त्यांचं नख म्हाताऱ्या माणसाचं, जाड आणि उभ्या रेषांचं, शाई त्या रेषांमधून उतरत गेली आणि मी फुंकर घालणार तोच ते म्हणाले, "राहू दे, वाळेल."

केंद्राध्यक्ष तरुण होते, बहुधा हायस्कूलचे शिक्षक. मी सोबती म्हणून आत येणार म्हटल्यावर त्यांनी प्रतिज्ञापनाचा कागद काढला. मग अण्णा म्हणाले, "बटण मी दाबणार आहे, ही फक्त बघणार आहे." ते थांबले. अगदी आदरानं म्हणाले, "आजोबा, तुम्हाला स्वतःला दाबता येत असेल तर यांना आडोशाच्या बाहेर थांबावं लागेल." माझा जीव खाली गेला. एवढा सराव, एवढी पाटी, आणि त्याच सरावामुळे आम्ही अडलो.

अण्णा रागावले नाहीत. केंद्राध्यक्ष केंद्राध्यक्षाशी बोलतो तसे बोलले. "साहेब, पुस्तिका उघडा. आमच्या वेळी मतपत्रिकेला होतं तेच आजही असणार. चिन्ह ओळखता येत नसेल, *किंवा* मदतीशिवाय मत नोंदवता येत नसेल. 'किंवा' आहे, 'आणि' नाही. माझं बोट चालतं. मला चिन्ह ओळखता येत नाही."

त्यांनी पुस्तिका उघडली. नियम ४९-एन. मागे रांग थांबली होती, पण त्यांनी घाई केली नाही, बोट ठेवून वाचलं. मग मान वर करून म्हणाले, "बरोबर आहे गुरुजी. जा दोघे." हा माणूस मला मनापासून आवडला. नियम माहीत नसणं हा दोष नाही, उघडून वाचायला तयार असणं ही मोठी गोष्ट आहे.

मी प्रतिज्ञापन भरलं. नाव, वय, पत्ता. आज मी दुसऱ्या कोणाचीही सोबती झालेले नाही. आणि या मतदाराच्या वतीनं नोंदवलेलं मत मी गुप्त ठेवीन. ही ओळ मी दोनदा वाचली आणि सही केली. त्यांनी अण्णांचं नाव अंध आणि अपंग मतदारांच्या यादीत, नमुना १४-अ मध्ये, चढवलं. "माझा नंबर कितवा?" अण्णांनी विचारलं. दुसरा होता.

आडोशामागे आम्ही दोघं. अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले, एक हात टेबलावर. दुसऱ्या हातानं त्यांनी युनिटची वरची कड शोधली. मी तोंड फिरवलं. समोर शाळेची भिंत होती, कुठलातरी तक्ता काढून घेतल्याच्या खुणा, चार खिळ्यांची भोकं. कपड्याची सळसळ ऐकू येत होती. बोट थांबलं की काय हे कळू नये म्हणून मी ती भोकं मोजत राहिले. मग अण्णांच्या हातानं माझं मनगट पकडलं.

"बघ."

मी वळले. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे दिवा लागला होता आणि चिठ्ठी होती. क्रमांक, नाव, चिन्ह. सात सेकंद हे फार असतात. मनगटावरची पकड सैल होत नव्हती. चिठ्ठी तुटून खाली पडली, लांब बीप वाजली.

"कितवा?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की शब्द कमी आणि श्वासच जास्त. मी त्यांच्या कानाला तोंड लावून आकडा सांगितला.

"हं," ते म्हणाले, आणि मनगट सोडलं.

साठ वर्षांत आईला कळलं नाही, तात्यांना कळलं नाही, ते मला कळलं. ते नाव पाहून मला काय वाटलं, हेही मी इथे लिहू शकत नाही. त्यावरूनही कळेल.

मग माझी पाळी आली, मी माझं मत दिलं. अण्णा बाहेर व्हरांड्यात उन्हात थांबले होते. घरी येईपर्यंत ते पावसाबद्दल आणि शाळेच्या कौलांबद्दल बोलत होते. दुपारी नाशिकहून भावाचा फोन आला. तो आमच्यात थोरला, आणि त्याला कायमच अण्णांच्या मताचं कुतूहल. "तू तर पाहिलंस आता. सांग." मी म्हटलं, सही केलीय रे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "अगदी अण्णांसारखी बोललीस." फोन स्पीकरवर होता. अण्णा जेवत होते. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

संध्याकाळी दिवा लावून मी ओटीवर आले तर ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते, कान शाळेच्या दिशेला. "किती वाजले?"

"सहाला दोन कमी."

"चिठ्ठ्या वाटायला निघाले असतील. जा, बघून ये किती माणसं आहेत."

गडग्यावरून शाळेचं अंगण दिसतं. मी जाऊन पाहिलं. दिवसभर शेतावर असलेली माणसं आली होती, बत्तीसएक जण असतील. सकाळचे तेच तरुण केंद्राध्यक्ष हातात कागदाचे कपटे घेऊन रांगेच्या टोकाकडे चालत निघाले होते. परत येऊन मी सांगितलं.

"शेवटी कोण आहे? एक नंबर कोणाला मिळाला?"

"तात्यांची नात. पुण्याहून आत्ताच एसटीनं उतरली, पिशवी पण खांद्यालाच आहे."

अण्णा खुर्चीत मागे टेकले.

"मग तिचं होईपर्यंत बंद नाही करणार," ते म्हणाले.